जुन्या गाडीचा गंज काढून घरीच रंगकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्र्याच्या बॉडीच्या जुन्या चारचाकीबद्दल हे प्रश्न आहेत. गंजाचा फोड दिसला की बहुतेक जण आधी रंगाचा डबा आणतात आणि मग विचार करतात. कृपया उलटं करा. गंज पाण्यामुळे येतो, आणि ते पाणी कुठून येतं, कुठे साचतं हे सापडेपर्यंत केलेलं रंगकाम म्हणजे फक्त झाकपाक. म्हणून इथे रंगाचे प्रश्न बरेच खाली आले आहेत.

फोड नखाएवढा आहे. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

वर दिसतो त्यापेक्षा रंगाखाली तो जवळजवळ नेहमीच मोठा असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो रंगाला खालून उचलतो. उचललेल्या रंगाखाली ओल शिरते आणि गंज कडेकडेने पसरत जातो. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने फोड फोडा आणि सैल झालेला रंग खरवडत जा. घट्ट चिकटलेला रंग लागला की थांबा. उघडा पडलेला भाग मूळ फोडाच्या दुप्पट-तिप्पट निघाला तर आश्चर्य मानू नका.

आणि हो, फोड फोडायलाच हवा. वरून रंग मारला तर तो काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, त्याच जागी पुन्हा डोकं वर काढतो.

गंज बाहेरून आलाय की आतून, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, कारण पुढचं सगळं काम यावर ठरतं.

बाहेरून आलेला गंज बहुधा बॉनेटच्या पुढच्या कडेवर, दाराच्या मधल्या भागात किंवा छपरावर दिसतो. खडा लागून किंवा ओरखडा पडून रंगाचा टवका उडालेला असतो आणि त्या ठिपक्याभोवती गंज पसरतो. पत्रा मागून शाबूत असतो. हे घरी सहज होणारं काम आहे.

आतून आलेला गंज पत्र्याच्या खालच्या कडेला, सांध्याजवळ किंवा दुमडीत येतो, आणि रंगावर एकही ओरखडा नसताना फोड दिसतात. याचा अर्थ गंज आतल्या बाजूने पत्रा खात खात बाहेर पोचला आहे. असा फोड टोचला की टोक आरपार जातं. इथे फक्त बाहेरून घासून काही होत नाही. आतली बाजू गाठता आली पाहिजे, नाही तर तो भाग कापून नवा पत्रा बसवावा लागतो.

गाडीत नेमकं कुठे कुठे बघायचं?

जिथे चिखल आणि पाणी अडकून राहतं तिथे. चाकांवरच्या कमानीची आतली दुमड, जिथे चाकाने उडवलेला चिखल साठतो. दारांची खालची कड: काचेच्या रबरातून पाणी दाराच्या आत जाणारच असतं, ते बाहेर पडावं म्हणून तळाशी छोटी भोकं ठेवलेली असतात. ती धूळ आणि पाल्याने बुजली की दार आतून भिजत राहतं. दाराखालचा पोकळ लांब भाग, म्हणजे सिल. पुढच्या काचेखालची जाळी, जिथे झाडाचा पाला कुजतो. पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखालची चौकट. बॅटरीखालचा ट्रे, कारण तिथे पाण्याबरोबर आम्लही असतं. डिक्कीत स्टेपनी ठेवायचा खड्डा.

गाडीतलं कार्पेट उचलून बघायला विसरू नका. खालचा फोम ओला असेल तर पाणी छपराच्या निचऱ्याच्या नळ्या, काचेचं रबर, दाराच्या आतलं फाटलेलं प्लास्टिक किंवा हीटरची गळकी नळी, यांपैकी कुठून तरी येतंय. एकाने गाडीत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, खालून सुरुवात करून हळूहळू वर. कंटाळवाणं काम आहे, पण गळती अशीच सापडते.

समुद्राजवळ किंवा बर्फावर मीठ टाकलं जातं अशा रस्त्यांवर चाललेली गाडी असेल तर खालची बाजू दुप्पट काळजीने बघा. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असतं, त्यामुळे गंजाची विद्युत-रासायनिक क्रिया झपाट्याने होते.

कुठल्या गंजाला घरी हात लावू नये?

आजच्या बहुतेक गाड्यांना वेगळी चौकट नसते. बॉडी हाच सांगाडा असतो. सिल, काचेच्या बाजूचे खांब, खालचे लांब पोकळ रेल, सस्पेन्शन जिथे बोल्टने धरलेलं असतं ते भाग, सीटबेल्टचे बोल्ट बसतात ती जागा आणि जॅक लावायच्या जागा हे सगळं धडकेत माणसाला वाचवण्यासाठी आहे. तिथला पत्रा सडला असेल तर ते काम जाणकार वेल्डरचं. नव्या गाड्यांच्या खांबांत अतिमजबूत पोलाद वापरतात, त्याला वेल्डिंगची उष्णता लागली की त्याची मजबुती जाते. तिथे निर्मात्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय काही करू नये.

ब्रेकची धातूची नळी किंवा इंधनाची नळी गंजलेली असेल तर घासून रंगवू नका. बदला.

मडगार्ड, दारांचा बाहेरचा पत्रा, बॉनेट, डिक्कीचं झाकण, चाकांच्या कमानीची बाहेरची कड इथे मात्र बिनधास्त शिका.

आधी कोणी लांबी (पत्र्यातले खड्डे भरायची पुट्टी) भरून झाकलंय का, हे कळतं का?

छोटं, कमी ताकदीचं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली लांबीचा जाड थर, फायबर किंवा चक्क पोकळी आहे. बोटाने टकटक केली तरी आवाजातला फरक कळतो: पत्रा खणखणीत वाजतो, लांबी बद्द. अॅल्युमिनियमच्या बॉनेटला मात्र चुंबक कुठेच चिकटणार नाही. जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर उत्तम. कारखान्यातल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. त्याच्या दुप्पट आकडा आला तर तिथे पुन्हा रंग झालाय, आणि हजाराच्या घरात गेला तर खाली लांबी आहे.

खूप जुन्या गाड्यांत कारखान्यातच सांध्यांवर शिशाचा भराव केलेला असायचा. तो करडा, मऊ धातू कोरडा घासू नका, त्याची धूळ विषारी असते. जुन्या रंगात आणि प्रायमरमध्येही (रंगाखालच्या पहिल्या थरात) शिसं असू शकतं, म्हणून अशा गाडीचा जुना रंग पाणी लावूनच घासावा आणि धुळीचा मास्क काढू नये.

हत्यारं काय काय लागतील?

छोट्या ठिगळासाठी: खरवडणी, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि वॉटर पेपरचे वेगवेगळे नंबर (नंबर मोठा तितका कागद बारीक), घासायचा सपाट ठोकळा, लांबी लावायच्या पट्ट्या, मास्किंग टेप, ग्रीस काढायचं द्रावण, धागे न सुटणारे फडके. अँगल ग्राइंडर असेल तर काम पटकन होतं आणि पत्रा पटकन बिघडतोही. बाहेरचा पत्रा जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो. जाड दगडी डिस्क त्यावर लावू नका, फ्लॅप डिस्क किंवा स्पंजासारखी जाळीदार डिस्क लावा आणि एका जागी रेंगाळू नका. पत्रा हाताला चटका बसेल इतका तापला की तो वाकतो, मग दाबल्यावर टक-टक वाजत राहतो, आणि ते सरळ करणं गंजापेक्षा अवघड.

डोळ्यांवर चष्मा हवा. तारेच्या चाकाचे तुकडे सुईसारखे उडतात.

ग्राइंडरवर तारेचं चाक लावून घासलं, पत्रा चकचकीत झाला. आता प्रायमर मारू?

थांबा. तारेचं चाक सुटा गंज काढतं, पण खड्ड्यांच्या तळातला गंज नुसता चमकवतं. उजेडात तिरकं बघा: चकचकीत पत्र्यावर काळे बारीक ठिपके दिसतील. तो गंजच आहे, आणि पुन्हा सुरुवात तिथूनच होते.

ठिपके काढायचे दोन चांगले मार्ग. एक, वाळूसारख्या कणांचा मारा करणारी छोटी ब्लास्टिंग गन. खड्ड्याच्या तळापर्यंत पोचणारं याहून चांगलं साधन नाही. मात्र सपाट, मोठ्या पत्र्यावर जोराने मारा केला तर तो ताणला जाऊन लाटा येतात, म्हणून दाब कमी ठेवा आणि फक्त डागापुरतं वापरा. साधी वाळू वापरू नका. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसांचा कायमचा आजार होतो. दुसरा मार्ग फॉस्फोरिक आम्लाचा. ब्रशने लावायचं, सांगितलेला वेळ ओलं ठेवायचं, मधून घासायचं, गरज पडली तर पुन्हा लावायचं. ठिपके फिके होत होत करडे होतात.

आम्लाबद्दल एक गोष्ट फार लोक गाळतात. ते पत्र्यावर वाळू देऊ नका आणि उरलेलं आम्ल डब्यावरच्या सूचनेप्रमाणे धुऊन काढा. आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही आणि सोललेल्या सालीसारखा निघतो. धुतल्यावर लगेच गरम हवेने वाळवा, कारण उघडा ओला पत्रा बघता बघता तांबूस होतो.

गंजाचं रूपांतर करणारी द्रव्यं मिळतात, रस्ट कन्व्हर्टर. ती खरंच चालतात का?

चालतात, पण योग्य जागी. बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये टॅनिक आम्ल असतं. ते गंजाशी संयोग पावून काळा, स्थिर थर बनवतं. त्याला काम करायला थोडा गंज लागतो, त्यामुळे स्वच्छ पत्र्यावर लावून उपयोग नाही. आणि जाड, पापुद्र्यांच्या गंजावर लावलं तर फक्त वरचा थर बदलतो, खालचा तसाच राहतो.

माझं मत असं: जिथे घासणं शक्य आहे तिथे कन्व्हर्टरची गरज नाही. जिथे हात पोचत नाही, पोकळीत, दुमडीत, गाडीच्या पोटाखाली, तिथे ते घासण्याला पर्याय म्हणून नाही, तर घासणं अशक्य आहे म्हणून वापरावं. बाहेरच्या पत्र्यावर चकाकता रंग द्यायचा असेल तर मी कन्व्हर्टरवर भरवसा ठेवणार नाही.

सुटे भाग, बिजागऱ्या, ब्रॅकेट, बोल्ट यांच्यासाठी सायट्रिक आम्लाचं पातळ द्रावण छान काम करतं. रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी घासून धुवा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडूनही गंज निघतो, फक्त त्यात दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका. त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं.

पत्र्याला भोक पडलंय. वेल्डिंगशिवाय भागेल का?

भोकामागे जाळी किंवा वर्तमानपत्र कोंबून त्यावर लांबी थापायची पद्धत जगभर आहे आणि जगभर सारखीच फसते. साधी लांबी पाणी शोषते. मागून ओल लागली की ती फुगते, कडेने सुटते, आणि आजूबाजूचा चांगला पत्राही घेऊन जाते.

ज्या भागावर ताकदीचा भार नाही तिथे दोन पर्याय चालतात. पत्रे जोडण्याच्या खास चिकट द्रव्याने मागच्या बाजूने नवा पत्रा चिकटवता येतो: सडलेला भाग शाबूत पत्रा लागेपर्यंत कापायचा, कडा स्वच्छ उघड्या करायच्या, ठिगळ लावून पकडींनी दाबून ठेवायचं. दुसरा पर्याय फायबरग्लासची चटई आणि रेझिन. तोही स्वच्छ, खरबरीत पत्र्यालाच धरतो, गंजाला नाही. दोन्हींत मागची बाजू इपॉक्सी प्रायमरने बंद केलीच पाहिजे.

टिकाऊ काम मात्र वेल्डिंगचंच.

स्वतः वेल्डिंग करायचं असेल तर?

पातळ पत्र्याला मिग वेल्डिंग (गनमधून तार आपोआप पुढे येते ते), ०.६ मिलिमीटरची तार. ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो. सलग रेघ ओढू नका: एक ठिपका इथे, पुढचा समोरच्या कडेला, मध्ये थंड होऊ द्या. ठिपके जोडत जोडत शेवटी कड भरते. घाई केली की पत्रा वाकलाच.

सुरू करण्याआधी बॅटरीची जोडणी काढा. मागच्या बाजूला काय आहे ते हाताने चाचपा: वायरिंग, फोम, आवाज रोखणारं डांबर, इंधनाची नळी, टाकी. टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ असते. अग्निशामक हाताशी हवा, आणि काम संपल्यावर अर्धा-पाऊण तास गाडी सोडून जाऊ नका. आत धुमसणारा फोम उशिरा पेट घेतो.

जस्ताचा थर असलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर घेतला तर तापासारखी कणकण येते. थर आधी घासून काढा आणि हवा खेळती ठेवा. आणखी एक, हे पाठच करा: क्लोरीनयुक्त ब्रेक-क्लीनरने पुसलेल्या भागावर कधीही वेल्डिंग करू नका. त्यातून फॉस्जीन तयार होतो, आणि तो जीवघेणा वायू आहे.

प्रायमर कुठला घ्यायचा? चार प्रकार दिसतात.

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी. प्रश्न एवढ्यावर संपवला तरी चालेल, पण कारण सांगतो. साधा एक-डबा प्रायमर आणि जाड थराचा सरफेसर (बारीक खड्डे भरून घासून सपाट करायचा थर) दोन्ही सच्छिद्र असतात. त्यातून ओल खाली जाते. करडा प्रायमर मारून गाडी महिनोन्महिने उघड्यावर ठेवणारे नंतर हैराण होतात ते यामुळेच. हार्डनर (घट्ट करणारं दुसऱ्या डब्यातलं द्रव्य) मिसळून वापरायचा इपॉक्सी प्रायमर ओल अडवतो आणि पत्र्याला घट्ट धरतो. एच प्रायमर पत्र्याला थोडं कोरून धरतो, पण त्यात आम्ल असल्यामुळे त्यावर थेट लांबी लावू नये, आणि त्यावर इपॉक्सी मारायचा की नाही हे डब्यावरच्या माहितीपत्रकात बघूनच ठरवावं.

क्रम असा: उघडा पत्रा, इपॉक्सी, लांबी, गरजेपुरता सरफेसर, मग रंग. इपॉक्सीवर पुढचा थर किती तासांच्या आत द्यायचा हे माहितीपत्रकात असतं. ती वेळ उलटली तर घासून खरबरीत करूनच पुढे जा.

मारण्याआधी ग्रीस काढायच्या द्रावणाने पुसा, एका फडक्याने लावा, दुसऱ्या कोरड्याने वाळायच्या आत टिपा. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसू नका, मागे तेलकट थर राहतो. पुसल्यावर उघड्या हाताने पत्र्याला शिवूही नका.

लांबी कशी मिसळायची आणि किती जाड लावायची?

पॉलिएस्टर लांबीत हार्डनर वजनाच्या साधारण २ टक्के. कमी पडला तर ती कधीच पक्की होत नाही. जास्त झाला तर मिसळतानाच कडक होते, शिवाय हार्डनरमधलं पेरॉक्साइड महिन्याभराने रंगातून डाग बनून वर येतं. सफेद किंवा फिक्या रंगात हे फार वाईट दिसतं. मिसळताना फेटू नका, पट्टीने दाबत दाबत घोळवा. फेटली की हवा जाते आणि घासल्यावर सुईने टोचल्यासारखी भोकं उघडतात.

जाडी ३ मिलिमीटरच्या आत ठेवा. खड्डा त्याहून खोल असेल तर पत्रा ठोकून आधी वर आणा. एकदाच जाड थापण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. लांबीला ओलं घासायचं नाही, ती पाणी पिते आणि ते पाणी नंतर रंगाखाली अडकतं.

घासायला कुठले नंबर, आणि पृष्ठभाग सपाट झाला हे कळणार कसं?

लांबीला आकार द्यायला ८०, मग १८०. सरफेसरच्या आधी १८० ते ३२०. रंगाच्या आधी सरफेसर ४०० ते ६०० ने, हे पाणी लावून चालतं. मेटॅलिक रंगाखाली ६०० च्या खाली राहू नका, खरवड रंगातून दिसते.

नेहमी ठोकळ्यावर घासा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या चर पडतात. तळहात सपाट ठेवून, डोळे मिटून, लांब फिरवून बघा. हातमोजा घातला तर आणखी नीट कळतं, कारण हात अडकत नाही. याहून पक्की युक्ती: सरफेसरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवा आणि ठोकळ्याने घासा. जिथे काळं राहिलं तो खड्डा. जिथे लगेच खालचा पत्रा उघडा पडला तो उंचवटा.

जुन्या रंगाची कड नखाला लागेल इतकी राहू देऊ नका. पायरी घासून उतार करा.

नेमका मूळ रंग कसा मिळवायचा?

गाडीवर रंगाचा कोड असतो: दाराच्या चौकटीवर, बॉनेटखाली, डिक्कीत किंवा ओळखपट्टीवर. रंग बनवणारे त्यावरून मिसळून देतात. पण तो कोड नव्या गाडीचा रंग सांगतो, आणि तुमची गाडी उन्हात वर्षानुवर्षं फिकी झालेली असते. म्हणून इंधनाच्या टाकीचं झाकण काढून नमुना म्हणून न्या, आधी ते पॉलिश करून. रंग कार्डावर मारून वाळवून, दिवसाच्या उजेडात गाडीशेजारी धरून बघा. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे दिसतात.

गाडीवर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, आहे की नाही हेही बघा. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर एकाच थराचा रंग आहे, नाही लागला तर वर क्लिअर आहे. मेटॅलिक असेल तर क्लिअर जवळपास नक्कीच.

आणखी एक चाचणी: लपलेल्या जागी थिनरचा फडका थोडा वेळ दाबून धरा. रंग विरघळला तर जुना लॅकर आहे. त्यावर जोरदार थिनर असलेला नवा रंग मारला तर तो सुरकुतून वर येतो. अशा वेळी मध्ये इपॉक्सीचा थर द्या किंवा जुना रंग पूर्ण काढा.

स्प्रे कॅन, गन की चक्क रोलर?

एक-दोन ठिगळं असतील तर चांगली कॅन पुरते. त्यातही बुडाशी बटण असलेली, आत हार्डनर फुटून मिसळणारी कॅन क्लिअर कोटसाठी घ्या. साधा एक-डबा क्लिअर पेट्रोलचा थेंब पडला तरी मऊ होतो. बटण दाबल्यावर ती ठरावीक वेळातच संपवावी लागते. थंडीत कॅन कोमट पाण्यात ठेवली की फवारा बारीक येतो. उकळत्या पाण्यात किंवा आगीजवळ कधीच नाही.

पूर्ण दार किंवा पूर्ण गाडी असेल तर गन. रंग आणि क्लिअरसाठी १.३ ते १.४ मिलिमीटरचं नोझल, सरफेसरसाठी १.७ किंवा मोठं. बहुतेक घरगुती कॉम्प्रेसर दाब देतात, पण सलग हवा पुरवत नाहीत. गनला मिनिटाला किती हवा लागते ते आधी बघा. हवेच्या नळीत पाणी अडवणारा फिल्टर लावाच. गन पृष्ठभागापासून १५ ते २० सेंटिमीटर, सरळ समांतर फिरवायची, मनगट वळवून कमान काढायची नाही, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर आला पाहिजे.

रोलरला लोक हसतात. पण कामाची गाडी, जुनी जीप किंवा ट्रेलर असेल तर एनॅमल पातळ करून फोमच्या रोलरने पाच-सहा विरळ थर, मधे मधे वॉटर पेपर आणि शेवटी पॉलिश, असं केलं तर दोन हातांवरून कोणी ओळखत नाही. वेळ मात्र भरपूर जातो. मेटॅलिकला रोलर चालत नाही.

दोन डब्यांच्या रंगाने खरंच इतका धोका असतो?

हो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही जोरदार झटका येतो. त्यांना धोक्याची सूचना देणारा वास नसतो, त्यामुळे मास्कचं काडतूस (वाफ शोषणारा फिल्टर) संपलं हे कळतच नाही. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे शून्य उपयोगाचा. व्यावसायिक लोक बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क वापरतात. तशी सोय नसेल तर प्रायमरपर्यंतची तयारी घरी करा आणि शेवटचे थर बूथ (रंग फवारायची बंदिस्त खोली) असलेल्या ठिकाणी मारून घ्या, किंवा हार्डनर नसलेला रंग वापरून टिकाऊपणात थोडी तडजोड करा. माझी पसंती पहिल्या मार्गाला. मेहनतीचा मोठा भाग तयारीतच असतो आणि तो तुम्ही केलेला असतो.

इपॉक्सीचा हार्डनर वेगळ्या जातीचा असतो, पण त्यालाही हातमोजे आणि वाफांचा मास्क हवाच.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरच्या ज्योतीपर्यंत जाते. गॅसचा गीझर, शेगडी, ठिणगी उडवणारा पंखा, काहीही चालू नको. उरलेला थिनर गटारात ओतू नका. एनॅमल लागलेले फडके चुरगाळून ढिगात टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा.

हवा कशी हवी?

साधारण २० ते २५ अंश सेल्सिअस, कोरडी, वारा नसलेली. पाऊस पडत असताना किंवा दमट संध्याकाळी मारू नका, लॅकर पांढुरका पडतो. पत्र्यावर दव धरायला लागण्याइतका तो थंड नको. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावरही नको, वरचा थर आधी वाळतो आणि खालचं द्रावण बुडबुडे करून बाहेर पडतं. जमिनीवर पाणी शिंपडलं की धूळ बसते.

रंग मारताना काहीतरी बिघडलं. आता?

ओघळ आला तर हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, मग छोट्या ठोकळ्यावर १००० चा वॉटर पेपर लावून तेवढाच ओघळ सपाट करा. ओला असताना पुसणारा माणूस अख्खं दार पुन्हा रंगवतो.

संत्र्याच्या सालीसारखा पोत आला तर कारण एकच: थिनर कमी पडला, हवा कमी पडली किंवा गन लांब धरली गेली. क्लिअर पुरेसा जाड असेल तर १५०० आणि २००० ने ओलं घासून पॉलिश करा.

माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे म्हणजे सिलिकॉन. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे किंवा सिलिकॉन पॉलिश जवळपास कधी वापरलं असेल तरी होतं. वाळू द्या, घासा, द्रावणाने दोनदा पुसा. वरून जाड रंग मारून खळगा भरत नाही.

नवा आणि जुना रंग जोडताना रेघ दिसते.

पत्र्याच्या मधोमध टेप लावून थांबू नका. रंग नैसर्गिक कडेपर्यंत न्या: दुमड, सांधा, रबर. बेस कोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) ठिगळाच्या बाहेर विरळ होत गेला पाहिजे, क्लिअर मात्र पूर्ण पॅनेलवर (दार, मडगार्ड असा एक अख्खा भाग). मेटॅलिकमध्ये एकच पॅनेल रंगवलं तर छटा वेगळी दिसतेच, म्हणून बेस शेजारच्या पॅनेलवर थोडा उतरवतात.

प्लॅस्टिकच्या बंपरला हेच सगळं?

गंज नाही, पण रंग धरत नाही. साबणाने धुवा, द्रावणाने पुसा, बारीक घासा आणि प्लॅस्टिकसाठीचा चिकटपणा वाढवणारा थर आधी द्या.

गाडीचा रंगच बदलायचा आहे.

बऱ्याच देशांत नोंदणीच्या कागदावर रंगाची नोंद असते आणि बदल कळवावा लागतो. आधी विचारून घ्या. कामाच्या दृष्टीने, दारांच्या आतल्या चौकटी, बॉनेटखाली आणि डिक्कीची आतली बाजू रंगवणार नसाल तर बदलू नका.

बाहेरून सगळं झालं. पोकळ्यांच्या आत काय करायचं?

या पायरीवर बहुतेकांचा उत्साह संपतो. कारखान्यात अख्खी बॉडी विजेच्या साहाय्याने प्रायमरच्या हौदात बुडवतात, त्यामुळे आतली बाजूही झाकली जाते. वेल्डिंगच्या उष्णतेने तो थर जळतो आणि घरी तो परत देता येत नाही. त्याऐवजी पोकळ्यांसाठीचं वॅक्स: लांब, बारीक नळीच्या टोकाला चहूबाजूंनी फवारणारं नोझल असतं. ते सिल, दारं, चाकांच्या कमानी यांच्या आत घालायचं आणि फवारत फवारत बाहेर ओढायचं. वॅक्स सांध्यांत झिरपतं. रंगकाम पूर्ण झाल्यावरच मारा, कारण त्याचा थेंब जरी रंगवायच्या पत्र्यावर पडला तरी रंग धरत नाही. मारून झाल्यावर निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा.

पोटाखाली गंजावरच रबरासारखा जाड काळा थर मारायचा मोह होतो. तो काही वर्षांत कडक होऊन भेगाळतो, भेगांतून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. वरून सगळं छान दिसतं आणि आत पत्रा नाहीसा होतो. आधी साफ, मग इपॉक्सी, सांध्यांवर सीलर, आणि वर मऊ राहणारं वॅक्स. दर वर्षी खाली वाकून बघा आणि जिथे निघालंय तिथे पुन्हा लावा.

एका दारासाठी किती वेळ धरू?

कामाचे तास कमी, वाळायचे जास्त. दोन शनिवार-रविवार धरा. गाडी रोज लागत असेल तर एका वेळी एकच पॅनेल उघडा, आणि पत्रा उघडा ठेवून रात्र जाऊ देऊ नका. संध्याकाळपर्यंत इपॉक्सी चढला पाहिजे.

रंग वाळला. पॉलिश आणि वॅक्स लगेच करू का?

नाही. हाताला कोरडा लागला तरी आतलं द्रावण अजून बाहेर पडत असतं. हार्डनर घातलेला क्लिअर घासून-पॉलिश करणं माहितीपत्रकातल्या वेळेनंतर चालतं, बहुधा एक-दोन दिवसांनी. हार्डनर नसलेल्या एनॅमलला काही आठवडे द्या. संरक्षक वॅक्स दोन्हींवर साधारण महिनाभर लावू नका. तोपर्यंत गाडी नुसत्या पाण्याने धुवा, आणि पक्ष्यांची विष्ठा पडली तर त्याच दिवशी भिजवून काढा. ताज्या रंगावर तिचा डाग कायमचा बसतो.